परदेशातील विद्यार्थी आणि आरोग्यसेवेची ओळख : तंजावरचा धडा

(तंजावर येथील मराठी भाषक कुटुंबांतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तंजावरला येऊन मराठीत बोलण्याची संधी मिळावी, हा माझ्या दृष्टीने आनंदाचा योग आहे. येथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तेव्हा मराठी भाषा या नगराला परकी नाही. मात्र आपले पूर्वज येथे आले तेव्हा ते परकेच होते. परमुलखात आलेल्या माणसाला अन्न, निवारा आणि आजारपणातील आधार कसा मिळावा, हा प्रश्न या नगराने फार पूर्वीपासून हाताळलेला आहे.

आज तो प्रश्न आपल्या मुलांच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला आहे. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. दुसरीकडे, उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. परदेशी शिक्षणाची चर्चा होते तेव्हा शुल्क, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि व्हिसा यांचा तपशीलवार विचार केला जातो. आरोग्याचा विचार बहुधा विम्याची पावती फाइलला लावण्यापुरताच होतो. विमा असणे आणि आरोग्यसेवा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

छत्रांची व्यवस्था

सरफोजीराजे दुसरे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. अशा वेळी, १८०१ मध्ये, त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रे आपल्याच व्यवस्थेत राहावीत, अशी विनंती त्या पत्रात आहे आणि छत्रांमध्ये काय चालते याचे वर्णनही आहे. त्यानुसार छत्रांत यात्रेकरूंना अन्न मिळे, शिक्षक नेमलेले असत, तसेच रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य असत. परमुलखातून आलेली पोरकी मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, ठराविक दिवसांनी अंगाला तेल, कपडे आणि गरज पडेल तेव्हा औषध मिळे. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला औषधाबरोबर त्याच्या आजाराला योग्य असे पथ्याचे अन्न दिले जाई आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली जाई. पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. तेथेही अन्नदान व विद्यादान एकाच छताखाली चाले.

या व्यवस्थेचे तीन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला, निवास, शिक्षण आणि उपचार एकाच ठिकाणी होते. आजारी माणसाला वैद्याचे घर शोधत फिरावे लागत नव्हते. दुसरा, मदत एखाद्या सज्जनाच्या लहरीवर अवलंबून नव्हती. तिच्यासाठी उत्पन्न राखून ठेवलेले होते. तिसरा, येणारा मनुष्य अनोळखी आहे आणि त्याला येथील काही ठाऊक नाही, हे गृहीत धरूनच व्यवस्था आखलेली होती. हा तिसरा विशेष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सरफोजीराजांच्या वैद्यकीय कार्याचा आणखी एक पैलू आपल्या विषयाशी संबंधित आहे. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात आजही आहेत. रुग्णाला काय झाले, कोणता उपचार केला आणि गुण आला की नाही, हे लिहून ठेवण्याचे महत्त्व या नगराने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

कुंभकोणमचा विद्यार्थी

आता याच जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याची हकीकत पाहू. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला वाढले व तेथेच शिकले. मार्च १९१४ मध्ये ते मद्रासहून निघाले आणि एप्रिलमध्ये इंग्लंडला पोहोचले. केंब्रिजमध्ये त्यांची भेट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी झाली. भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार म्हणून स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी ज्यांना ओळखतात, तेच हे महालनोबिस. थंडीच्या दिवसांत त्यांनी रामानुजन यांना विचारले, रात्री ऊब पुरते ना? रामानुजन म्हणाले, नाही. अंगात ओव्हरकोट घालून आणि शाल गुंडाळून निजतो, तरी थंडी वाजते. महालनोबिस यांनी खोलीत जाऊन पाहिले तर पलंगावर पुरेशी ब्लँकेटे होती. ती तेथील रीतीप्रमाणे गादीखाली नीट खोचलेली होती आणि वर चादर घातलेली होती. ब्लँकेट मागे सारून त्याच्या आत शिरायचे असते, हे रामानुजन यांना कोणीच सांगितले नव्हते. महालनोबिस यांनी ते करून दाखविले.

हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्राचा पहिला पाठ वाटतो. साधन उपलब्ध होते आणि त्याचे मूल्यही चुकते झालेले होते. फक्त ते वापरावयाचे कसे, ही माहिती नव्हती. परिणामी त्या साधनाची उपयुक्तता शून्य झाली.

पुढची हकीकत दुःखद आहे. महायुद्धामुळे शाकाहारी माणसाला अन्न मिळणे कठीण झाले होते आणि रामानुजन स्वतःच स्वयंपाक करीत. १९१७ मध्ये ते गंभीर आजारी पडले. त्यानंतरचा बराच काळ रुग्णालयांत आणि आरोग्यधामांत गेला. मनःस्थितीही ढासळली, १९१८ च्या आरंभी त्यांनी आत्मघाताचा प्रयत्न केल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९१९ मध्ये ते परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, मद्रासमध्ये निवर्तले. त्या वेळी निदान मुख्यतः क्षयाचे झाले होते. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध पुराव्याची फेरतपासणी करून वेगळे मत मांडले. हा आजार यकृतातील अमीबाजन्य विकार असावा आणि त्याचे मूळ भारतात असताना झालेल्या आमांशात असावे, असे त्यांचे म्हणणे होते. हे अनुमान आहे. आज ते सिद्ध करता येणार नाही. पण ते खरे असेल, तर एक गोष्ट मन अस्वस्थ करते. या विकारावरील एमेटिनचा उपचार कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्येच प्रचारात आणला होता. म्हणजे औषध अस्तित्वात होते. रुग्णाचा पूर्वेतिहास आणि तो औषधोपचार यांची गाठ पडली नाही.

महाराष्ट्राला अशीच एक हकीकत परिचित आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. तेथील थंडी, आहार आणि आधीपासूनची नाजूक प्रकृती यांमुळे त्या खंगत गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांचे वय २२ वर्षेही नव्हते. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. परंतु व्यक्तीच्या मायेने संस्थेच्या व्यवस्थेची उणीव भरून निघत नाही. वैद्यकशास्त्र शिकणारी विद्यार्थिनीदेखील परक्या देशात आपली प्रकृती सांभाळू शकली नाही, हे ध्यानात ठेवावे.

अर्थशास्त्र काय सांगते?

मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे भांडवलाचा साठा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. हा साठा झिजतो आणि त्यात गुंतवणूकही करता येते. विद्यार्थी जेव्हा कर्ज काढून परदेशी जातो, तेव्हा त्या कर्जाचे खरे तारण त्याचे निरोगी दिवस असतात. एक सत्र आजारपणात वाया गेले तर शुल्क, राहण्याचा खर्च आणि पुढील वेतन अशी तिहेरी हानी होते.

त्याआधी, १९६३ मध्ये, केनेथ ॲरो यांनी दाखवून दिले की आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. कारण आजार केव्हा येईल हे अनिश्चित असते आणि रुग्णापेक्षा वैद्याला कितीतरी अधिक माहिती असते. यालाच आपण माहितीची विषमता म्हणतो. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत या विषमतेचे तीन थर असतात. आजाराविषयीचे अज्ञान सर्वच रुग्णांना असते. त्यावर व्यवस्थेविषयीचे अज्ञान येते : कोणाकडे जावयाचे, आधी वेळ घ्यावयाची का, पैसे कोण भरणार? त्यावर भाषेचे अज्ञान येते. इंग्रजी उत्तम येणाऱ्या मुलालाही कळ, चमक, ठणका आणि मळमळ यांतील फरक इंग्रजीत सांगता येईलच असे नाही.

देशोदेशींच्या व्यवस्था

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. तो भरल्यावर राष्ट्रीय आरोग्य सेवेचा लाभ मिळतो. मात्र तेथे आपल्याप्रमाणे थेट तज्ज्ञ डॉक्टरकडे जाता येत नाही. प्रथम राहत्या भागातील सर्वसाधारण डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते आणि तो आवश्यकतेनुसार पुढे पाठवितो. पैसे भरून नाव न नोंदविणारा विद्यार्थी म्हणजे ब्लँकेटावर निजलेला विद्यार्थी होय.

जर्मनीत आरोग्य विम्याचा पुरावा दिल्याखेरीज विद्यापीठात नावनोंदणी होत नाही. सार्वजनिक विम्याचा सवलतीचा विद्यार्थी दर सामान्यतः वयाच्या ३० व्या वर्षापर्यंत लागू असतो. जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या विद्यार्थ्यास राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावा लागतो आणि सामान्यतः खर्चाचा ३० टक्के भाग रुग्णास सोसावा लागतो. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण कालावधीसाठी परदेशी विद्यार्थी आरोग्य विमा सक्तीचा आहे. पण आधीपासून असलेल्या शारीरिक विकारांसाठी १२ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाल असू शकतो. कॅनडात प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा आहे.

अमेरिकेत सर्वांना लागू असा राष्ट्रीय विमा नाही. तेथे विमापत्रातील तीन संज्ञा समजून घेतल्याच पाहिजेत. डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी स्वतः भरावयाची रक्कम. को-पेमेंट म्हणजे प्रत्येक भेटीत द्यावयाचा वाटा. नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर व रुग्णालये. त्याबाहेर गेल्यास खर्च कितीतरी वाढतो. १९८६ च्या कायद्यानुसार तेथील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना पैसे देण्याची ऐपत न पाहता रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. परंतु त्याचे बिल मात्र नंतर येतेच.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. १९९० च्या दशकात संशोधनासाठी मी अमेरिकेत होते. एका रविवारी रात्री कान असह्य दुखू लागला. एका सहाध्यायी मैत्रिणीने मला मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले. काही तास थांबल्यावर दहा मिनिटांची तपासणी झाली आणि कानात घालावयाचे थेंब मिळाले. महिन्याभराने आलेले बिल माझ्या एका महिन्याच्या विद्यावेतनापेक्षा अधिक होते. वसतिगृहापासून पाच मिनिटांवर विद्यापीठाचे विद्यार्थी आरोग्य केंद्र होते. त्याचे शुल्क मी सत्राच्या आरंभीच भरले होते. रात्री दूरध्वनीवर सल्ला देणाऱ्या परिचारिकेचा क्रमांक माझ्या ओळखपत्राच्या मागे छापलेला होता. मी ओळखपत्र उलटून पाहिलेच नव्हते. त्या रात्री रुग्णालयाची काही चूक झाली नाही. मी चुकीच्या दाराशी गेले होते.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगते. आपला वैद्यकीय इतिहास एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या : झालेले मोठे आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, रक्तगट, लसीकरणाच्या तारखा आणि चालू औषधे. औषधांची नावे व्यापारी नव्हे, तर मूळ रासायनिक लिहा. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणून ओळखले जाते. ज्यांनी मधुमेह, दमा, अपस्मार किंवा मानसिक विकार लपविला त्यांचा विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. उपचारही चुकू शकतो.

सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयास व्हिसासाठी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. दात आणि चष्मा यांची कामे येथेच उरकावीत. अनेक विमा योजनांत ती समाविष्ट नसतात. औषधे मूळ वेष्टणात व डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि त्या देशाचा नियम आधी पाहावा. सर्दीवरील काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधांतील कोडीन यांवर जपानमध्ये निर्बंध आहेत. प्रतिजैविके बहुतेक विकसित देशांत चिठ्ठीवाचून मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच, प्रकृती ठणठणीत असताना, आरोग्य केंद्र पाहून यावे. आपत्कालीन क्रमांक पाठ करावा : युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. भारतीय दूतावासाशी संपर्क सुलभ व्हावा म्हणून २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करावी. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयांना आपत्कालीन वैद्यकीय साहाय्य देण्याची तरतूद २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीत आहे. मात्र तो अखेरचा आधार आहे, विम्याचा पर्याय नव्हे.

एकटेपणाविषयी पालकांनी विशेष ऐकावे. 'जेवलास का?' या प्रश्नाला परदेशातील मूल नेहमी 'हो' म्हणते. झोप लागते का, कोणाशी बोलणे होते का, हेही विचारा. बहुसंख्य विद्यापीठांत समुपदेशनाची सोय असते आणि तिचा लाभ घेतल्याने पदवीला बाध येत नाही. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे आणि तापासाठी जाणे यांत कमीपणाचा फरक करू नये.

यजमान म्हणून आपले कर्तव्य

आतापर्यंत आपण पाहुण्याच्या बाजूने बोललो. परंतु आपण यजमानही आहोत. २०१८ मध्ये 'स्टडी इन इंडिया' हा कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने परदेशी विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय असावे असे म्हटले आहे. अशा कार्यालयाचे काम नोंदणी व व्हिसा यांपुरते मर्यादित राहू नये.

कल्पना करा की आफ्रिकेतील किंवा नेपाळमधील एखादा विद्यार्थी ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत तंजावरला तापाने फणफणला आहे. वेदनेला तमिळमध्ये 'वलि' म्हणतात, हे त्याला ठाऊक नाही. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. १०८ हा क्रमांक त्याने ऐकलेला नाही. आयुष्मान भारत योजनेचा लाभ त्याला नाही. याच नगरात १९५९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण त्या विद्यार्थ्यापुरते ते नसल्यासारखेच आहे.

यावर फार मोठा खर्च करावा लागत नाही. प्रत्येक संस्थेने चार गोष्टी कराव्यात. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आरोग्यसेवेची प्रत्यक्ष ओळख करून देणारा एक तास ठेवावा. विद्यार्थ्याच्या विमापत्रातील अटी त्याला समजेल अशा भाषेत एका पानावर लिहून द्याव्यात. प्रत्येक नवागतासोबत वरच्या वर्गातील एक विद्यार्थी नेमावा, जो दवाखान्यात सोबत जाईल आणि दुभाष्याचे काम करील. शिवाय १०८ व ११२ यांच्याबरोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक ओळखपत्रावर छापावा. माझा अनुभव जमेस धरून असेही सुचवीन की तो समोरच्या बाजूस छापावा.

परीक्षेची तयारी करणाऱ्या मित्रांनी यातून एक सूत्र टिपून घ्यावे. कोणत्याही सार्वजनिक सेवेचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारावेत : ती उपलब्ध आहे का, ती परवडते का, ती अंतराने जवळ आहे का, आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याला ती कशी घ्यावी हे माहीत आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आकडेवारीत सापडतात. चौथ्याचे उत्तर सहसा सापडत नाही, म्हणून ते राहून जाते. हे केवळ परदेशी विद्यार्थ्यांनाच लागू नाही. मेळघाटातून नागपूरच्या रुग्णालयात आलेला आदिवासी रुग्ण किंवा बिहारमधून तिरुप्पूरच्या गिरणीत आलेला कामगार यांनाही ते तितकेच लागू आहे.

आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील. त्यांच्यासमोर योजना येतील, तरतुदी येतील, लाभार्थ्यांच्या संख्या येतील. त्या वेळी केंब्रिजमधील ती खोली आठवा. पलंग होता, ब्लँकेटे होती आणि त्यांवर एक असामान्य बुद्धीचा तरुण कुडकुडत निजला होता. योजनेचे काम ब्लँकेट पुरवून संपत नाही; ते कसे पांघरावयाचे हे कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते. सरफोजीराजांच्या छत्रांमध्ये तो शेजारी उभा राहणारा माणूस नेमलेला होता. आपल्या व्यवस्थेतही तो नेमला जावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेते.